कोळशाच्या डब्यातली हवा

त्याला सगळे हवावाला म्हणत. तो काही सायकलीत हवा भरणारा नव्हता. हवा मोजणाऱ्या यंत्रांची निगा राखायचं त्याचं काम. पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? त्याची गाडी वस्तीत शिरली की पोरं "हवावाले, चाकात मारा ना जरा" म्हणून मागे लागत, आणि तोही गाडीतला पंप काढून दोनचार सायकली टम्म फुगवून देई.

बायकोला हे कळलं की ती म्हणायची, "घरातला पंखा कधीचा कुंथतोय, त्याला हात लावायला सवड नाही. आणि निघाले जगाची हवा मोजायला!"

"पंख्याची हवा मोजायची नसते गं," तो म्हणायचा. "खायची असते."

"मग खायला तरी येऊ दे!"

असा त्यांचा संसार. पंखा शेवटपर्यंत कुंथतच राहिला.

त्याची संस्था संशोधनाची होती. टेकडीवर वाऱ्याचं यंत्र, पुलाखाली नदीची उंची बघणारं, माळावर पावसाचं आणि वस्त्यांमधून हवेचं, अशी तिची यंत्रं चहूकडे विखुरली होती. यंत्र बसवायच्या दिवशी फोटोत माणसं मावत नाहीत. चहा होतो, भाषणं होतात, जो तो यंत्राच्या खांद्यावर हात टाकून उभा राहतो. मग सगळे जातात आणि यंत्र एकटं उरतं. त्यानंतर त्याच्याकडे येते ती गांधीलमाशी. नळीच्या तोंडाशी ती मातीचं घर बांधते. पाल आत शिरून तारांवर ऊब घेत पडते. वाऱ्याच्या फिरत्या वाट्यांवर कावळा बसला की टेकडीवरचा वारा अख्खी दुपार बंद! हे सगळं निस्तरायला हवावाला. हातात ब्रश, खिशात जुना दात घासायचा ब्रश, गळ्यात नळ्यांचं वेटोळं. त्याची म्हणायची पद्धत अशी, की यंत्र बिघडत नाही, ते कंटाळतं. माणसानं अधूनमधून जाऊन बोलायला हवं. आणि तो खरंच बोलायचा. "काय रे, आज आकडा का रुसलाय?" असं करत झाकण उघडायचा.

सगळ्या यंत्रांत त्याचा जीव अडकलेला होता तो कारखान्याच्या वस्तीतल्या यंत्रात, कारण तिथं त्याची अक्का राहत होती.

अक्का त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे बहीण आणि आई ही दोन्ही पदं तिच्याकडेच आली. त्याचे केस पिकले तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. तिचे यजमान त्याच कारखान्यात भट्टीवर होते. ते गेले, पण वस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या राहिल्या, आणि खिडकीतून समोर दिसणारं धुराडंही राहिलं. कारखान्याची एक नवी भट्टी होती, तिचा धूर गाळून सोडत. दुसरी जुनी, तिचा धूर जसा यायचा तसा सोडत. जुनी पेटली की वस्तीभर जळक्या काडेपेटीसारखा वास पसरे, डोळे चुरचुरत, आणि वाळत टाकलेले कपडे आत घ्यायला बायकांची धावपळ उडे.

वस्तीचं गाऱ्हाणं एवढंच होतं, की ही जुनी भट्टी बंद करा. एक निवृत्त पोस्टमन त्यात पुढे होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःची पोचवत होता, ह्या कचेरीतून त्या कचेरीत. त्याला जो तो विचारे, "पुरावा काय?" आम्ही खोकतो, हा पुरावा नव्हता. मग संशोधनवाल्या बाई आल्या. त्या डॉक्टर होत्या, पण औषधाच्या नव्हेत. पोस्टमनला हे कळेपर्यंत त्याची त्यांना जीभ दाखवून झाली होती. त्यांनी शाळेच्या गच्चीवर एक केबिन उभी केली, आत यंत्र ठेवलं आणि चौकात दिव्याची एक पाटी लावली. हवा बरी तर हिरवा दिवा, वाईट तर पिवळा, फारच वाईट तर लाल. आता पुरावा रोज जमत होता, आणि तो जमवणारा अक्काचा बारक्या होता. अक्काची छाती अभिमानानं फुगायची. एरवी त्या धुरानं ती फुगायची बंदच झाली होती.

ह्या यंत्राची एक खोड होती. रोज घाण हवा ओढून ओढून त्याला घाणीचीच सवय लागायची, स्वच्छ म्हणजे काय हे ते विसरायचं. माणसाचं तरी काय वेगळं होतं म्हणा! म्हणून दर आठवड्याला त्याला थोडा वेळ निर्मळ हवा पाजावी लागे. त्यासाठी केबिनमध्ये कोळशानं भरलेला डबा होता. त्यातून हवा गेली की धूर, वास, विष, सगळं कोळसा धरून ठेवी. अशी हवा मिळाली की यंत्राचा आकडा शून्यावर यायला हवा. नाही आला तर पेच पिळून आणायचा. दुकानदार वजन करण्याआधी रिकामा काटा तपासतो, तसंच हे. भिंतीवर एक पितळी तोटी होती. उजवीकडे वळवली की यंत्र कोळशाच्या डब्यातली हवा घेई, डावीकडे वळवली की आकाशातली. तपासणी झाली की तोटी परत डावीकडे. संपलं काम.

आणि जे इतकं सोपं असतं तेच माणूस विसरतो. हे ठाऊक असल्यामुळे ह्या धंद्यातल्या लोकांनी एक रीत पाडली होती. तोटी कोळशाकडे वळवली की गाडीची किल्ली काढून तोटीच्याच कानात अडकवायची. म्हणजे विसरून खाली गेलात तरी गाडी सुरू होणार नाही, कपाळावर हात मारत वर यावंच लागेल. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. हवावाल्याला त्याच्या आधीच्या माणसानं शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं ती रीत कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी गाडी दुरुस्तीला गेली होती. तो बसनं आला.

वर गेला, नळ्या पुसल्या, तोटी उजवीकडे वळवली. सवयीनं खिशात हात गेला, किल्ली नव्हती. 'अर्ध्या तासाचा तर प्रश्न,' असं म्हणून तो आकडा खाली उतरायची वाट बघत बसला. तेवढ्यात शाळेसमोरच्या अक्काच्या खिडकीतून हाक आली.

"बारक्या! मासे तळलेत. गार झाले तर मला बोलायचं नाही."

"अक्का, काम चाललंय!"

"यंत्राला कळतंय, तू बसलायस का गेलायस ते? ये मुकाट्यानं."

तो गेला. अक्कानं वाढलं, मग आणखी वाढलं. पोस्टमनला कारखान्याच्या माणसानं कसं चहाला बोलावलं आणि पोस्टमननं चहा पिऊन वर त्यालाच कसं सुनावलं, ते साभिनय सांगितलं. हवावाला हसता हसता ठसकला. आणि ऐन हसण्यात फोन वाजला. वाऱ्यानं टेकडीवरचा खांब कलला होता, तारा लोंबत होत्या, खाली गुरं चरत होती. तो हात धुऊन तसाच उठला. खाली टेकडीकडे जाणारी बस समोरच उभी होती. धावत जाऊन पकडली. बस मिळाली ह्याचा त्याला आनंदसुद्धा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या भट्टीनं असा धूर ओकला की तसा तिनं आजवर ओकला नव्हता. आत काय फुटलं, कुणी काय उघडं टाकलं, हे कारखान्यानं कधी सांगितलं नाही. वारा पडलेला, धूर वर जाईना. तो पिवळट होऊन गल्लीत उतरला आणि बसून राहिला. शाळा सोडून दिली. लोकांनी दाराच्या फटींत ओले कपडे कोंबले. अक्का जिन्यात वाळवणीची दोरी सोडवायला गेली होती, ती तिथंच पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. पोस्टमननं आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत घालून खाली आणलं. रिक्षात बसवताना चौकातली पाटी सगळ्यांना दिसत होती.

पाटीवर हिरवा दिवा होता.

हवावाल्याला निरोप दवाखान्यातून मिळाला. अक्काच्या तोंडावर नळी होती, डोळे लाल, पण जीभ शाबूत. नळी बाजूला सारून ती म्हणाली, "तुझं यंत्र झोपलं होतं काय रे? मी मरत होते, आणि वर हिरवं!"

"बोलू नको अक्का, दम लागेल."

"लागलाच आहे. आता नवा काय लागणार?"

तिथून तो तडक शाळेच्या गच्चीवर गेला. केबिनचं दार उघडलं. तोटी उजवीकडे होती.

दोन दिवस यंत्र कोळशाच्या डब्यातली हवा पीत बसलं होतं. बाहेर गल्ली गुदमरत होती, आणि आत यंत्र इमानेइतबारे लिहीत होतं: शून्य, शून्य, शून्य. त्यात यंत्राचा काहीच दोष नव्हता, जे पाजलं ते त्यानं मोजलं. हवावाल्यानं तोटी डावीकडे वळवली आणि खाली बसला. त्या दिवशी त्याला यंत्राशी बोलावंसं वाटलं नाही.

बाईंना त्यानं दुसऱ्याच सकाळी सांगितलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"काका," त्या म्हणाल्या, "वस्तीच्या अर्जाची सुनावणी तोंडावर आली आहे. ते दोन दिवस आपण 'तांत्रिक बिघाड' म्हणून गाळून टाकू. यंत्र त्या वेळी नीट मोजत नव्हतं, हे खरंच आहे. बाकीच्या वर्षांचे आकडे आपल्याकडे आहेत, ते पुरेसे बोलके आहेत. कुणाच्या हातून झालं, कसं झालं, ह्यात कुणी विचारल्याशिवाय शिरायचं नाही."

"पण पाटीचा हिरवा दिवा, मॅडम? कारखान्याच्या माणसानं त्याचा फोटो काढलाय म्हणे."

"बिघाड होता, एवढंच सांगायचं. जास्त बोललं की जास्त विचारतात."

त्याला ते पटलं. माणूस समजूतदार होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, "बाई शहाणी आहे. ऐका तिचं."

त्यानं ऐकलंही असतं. पण अक्का दवाखान्यातून घरी आली, आणि तिनं ऐकलं नाही.

अक्का आता दोन उशांना टेकून बसायची. पूर्वी जिना उतरता उतरता चार जणींची विचारपूस करणारी बाई. आता खोलीतून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची ठेवावी लागे. त्यानं तिला तोटीचं सगळं सांगितलं, बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशीचं काहीच राहणार नाही?" तिनं विचारलं.

"गाळलं जाईल."

"मग मी कशानं पडले? वारं लागून?"

"अक्का, बाकीची वर्षं आहेत ना."

"बाकीची वर्षं मी चालत होते." ती थांबली, श्वास गोळा केला. "बिघाड म्हटलं की तो वकील म्हणणार, कुणी सांगावं, हवा छान असेल! ह्या बायका नाटकं करतात. तू उभा राहा आणि सांग: तोटी मी फिरवली, परत फिरवायची राहिली, ते शून्य खोटं आहे. माझ्या जेवणापायी झालं म्हणून सांग हवं तर. मी भ्यायचे नाही. पण ते शून्य माझ्या डोक्यावरून काढ."

"नोकरीचं काय होईल?"

"खरं बोलल्यावर कोण काढतं?" अक्का म्हणाली.

हे वाक्य तिनं इतक्या भरवशानं उच्चारलं की त्याला वाद घालावासा वाटला नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्यालाही ते शून्य सहन होत नव्हतं. आयुष्यभर त्यानं एवढंच केलं होतं, की आकडा खरा यावा. तो खोटा आला, तो त्याच्याच हातून, आणि तोही अक्काच्या छातीवर. 'तांत्रिक बिघाड' म्हणून त्यावर चादर टाकायला त्याचं मन धजेना.

सुनावणी मोठ्या कचेरीच्या वरच्या दालनात होती. समोर निवाडा करणारे साहेब, एका बाजूला कारखान्याचा वकील, दुसऱ्या बाजूला बाई आणि पोस्टमन, मागे वस्तीतली मंडळी. अक्काला जिना चढवेना म्हणून ती आली नाही. बाईंनी वर्षावर्षांच्या वाढत्या रेघा दाखवल्या. साहेब मान हलवत होते. पोस्टमननं मागे वळून सगळ्यांना डोळ्यांनीच सांगितलं, की बघा, जमतंय.

मग वकिलानं हिरव्या दिव्याचा फोटो वर धरला. त्यावर बाई बोलल्या, "तो बिघाड होता." वकिलानं विचारलं, "कसला?" बाई काही शब्द जुळवत होत्या, तोवर हवावाला उभा राहिला.

"मी सांगतो साहेब. माझ्या हातून झालं."

बाईंनी डोळे मिटले. त्यानं सगळं सांगितलं, कोळसा, तोटी, बस, मासे, टेकडीवरचा खांब. वकील मोठा गोड माणूस निघाला. त्यानं आधी ह्याच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

"बसून बोला ना. तुम्ही प्रामाणिक माणूस दिसता. ही तोटी तुम्ही किती वर्षं फिरवताय?"

"यंत्र बसल्यापासून."

"दर आठवड्याला?"

"हो."

"आणि दर वेळी परत फिरवलीत, हे कशावरून?"

"किल्ली अडकवतो ना साहेब. गाडीची."

"अस्सं. म्हणजे वस्तीच्या हवेचा पुरावा तुमच्या गाडीच्या किल्लीवर चालतो." कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. "ह्या वेळचं तुम्हाला कसं कळलं?"

"बहीण आजारी पडली, म्हणून मी वर गेलो."

"पडली नसती तर?"

"पुढच्या फेरीला कळलं असतं."

"म्हणजे यंत्र आठवडाभर चुकीचं लिहीत राहिलं, तरी तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

बाई उठून म्हणाल्या, की आकडे आठवड्याअखेर तपासले जातात, सपाट शून्य आम्हाला दिसलंच असतं. वकील अदबीनं वळला. "पण मॅडम, तोपर्यंत पाटी लोकांना हिरवंच दाखवत होती ना? आणि तुम्ही मघाशी ह्याला बिघाड म्हणालात. हे गृहस्थ म्हणतात, चूक. आम्ही कुणाचं धरायचं?"

"साहेब," हवावाला कळवळून म्हणाला, "तोटी राहिली तर आकडा कमीच येतो. जास्त कधी येत नाही. कोळशातून विष कसं निघेल? बाकीचे आकडे वाढवून लिहिलेले असूच शकत नाहीत!"

"तुम्ही रसायनशास्त्र कुठवर शिकलात?"

"मी... नाही शिकलो."

"मग राहू दे. ह्यांची बहीण ह्याच वस्तीत राहते, साहेब, आणि अर्जावर तिची सही आहे, एवढी फक्त नोंद व्हावी."

निकाल यायला फार वेळ लागला नाही. ज्या यंत्राची निगा अशा हलगर्जीपणानं होते, आणि ज्याच्या सांभाळणाऱ्याचे नातलगच अर्जदार आहेत, त्याचे कुठल्याच वर्षाचे आकडे विश्वासार्ह धरता येत नाहीत. अर्ज फेटाळला. जुनी भट्टी चालू राहील. दोन दिवस गाळायचे होते, तिथं सगळी वर्षं गेली.

त्याची नोकरी एकदम गेली नाही. संस्थेनं वस्तीतलं यंत्र हलवायचं ठरवलं, आणि ते उतरवायचं काम त्यालाच दिलं. तेवढं झालं की मग घरी. बाई निरोप द्यायला खाली आल्या. म्हणाल्या, "काका, तुमचं मन मी समजू शकते." त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. त्यांचं स्वतःचं काम मातीत गेलं होतं, त्यांनी तरी आणखी काय म्हणावं?

यंत्र उतरवायला तो गेला, तेव्हा चौकात माणसं उभी होती. पोरं होती, पण सायकली घेऊन कुणी पुढे आलं नाही. त्यानं पाटी काढली, तारा गुंडाळल्या, केबिनचे नटबोल्ट सोडवले. गच्चीवरून खालचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. अक्काच्या इमारतीखालीच सगळे जमले होते, आणि अक्का वर खिडकीत उशीला टेकून बसली होती.

"विसरला म्हणे! इतक्या वर्षांत नाही विसरला, आणि नेमका त्याच दिवशी?" कुणीतरी म्हणालं.

"विसरत नसतात. विसरायला लावतात," दुसरं म्हणालं. "आणि भर दरबारात उठून सांगायची घाई कुणाला झाली होती? वकिलानं विचारलं तरी होतं का ह्याला?"

"पाणी काय दिलं, बसा काय म्हणाला! आधीची ओळख असल्याशिवाय का?"

मग पोस्टमननं वर खिडकीकडे बघून विचारलं, "काय अक्का, तुम्हाला काय वाटतं? तुमचाच भाऊ. कारखान्यानं गाठला असेल का हो त्याला?"

हवावाल्याचा पाना हातातच थांबला. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. मीच सांगितलं त्याला, असं म्हणेल. माझ्या जेवणापायी झालं, मीच म्हटलं उभा राहा, शिव्या द्यायच्या तर मला द्या. आयुष्यात तिनं कुणाची भीड ठेवली नव्हती.

अक्कानं खाली जमलेल्या माणसांकडे बघितलं. ह्याच माणसांनी तिला खुर्चीत घालून खाली नेलं होतं. तिचं पाणी वर चढवायची खालची बाई. औषधं आणायचा पोस्टमन. पुढच्या वेळी छाती भरून आली तर भाऊ कुठं तरी लांब असणार होता, आणि हे लोक इथंच असणार होते. ती बराच वेळ खोकली. तो खोकला खरा होता, पण नेहमीपेक्षा लांबला.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "मी आजारी बाई."

खाली कुणीतरी सुस्कारा टाकला. हवावाल्यानं पाना लावला आणि पुढचा बोल्ट सोडवला. गंज चढला होता, जोर लावावा लागला.

त्याला तिचा राग आला का? आला असता तर सोपं होतं. त्याला सगळं कळत होतं, हीच अडचण होती. तिच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं त्यानं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्ही नसतं केलं. म्हणून तर घरी बसलात."

पुढे त्याला एका शीतगृहात काम मिळालं, थंडी नीट आहे का ते बघायचं. तिथं आकडा चुकला तर फार तर भाजी सडते. भट्टी चालूच होती. चौकातल्या पाटीच्या खांबावर आता शिकवणीची जाहिरात लागली होती.

अक्काकडे तो जात राहिला, न जाऊन करणार काय? पहिल्या खेपेला पुढच्या जिन्यानं गेला, तर खालच्या बाईनं त्याच्या तोंडावर दार आपटलं, आणि दुसऱ्या दिवशी अक्काचं पाणी वर आलंच नाही. त्यानंतर अक्कानं फोन केला. इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग म्हणाली, "बारक्या, येशील तेव्हा मागच्या अंगानं ये. तिकडे लोखंडी जिना आहे, जरा डुगडुगतो, पण तू काय, खांबांवर चढलेला माणूस."

तो मागच्या अंगानं गेला. औषधं ठेवली, उशा सारख्या केल्या, पाणी गरम करून दिलं. खोलीत कोंदट झालं होतं. बाहेर त्या दिवशी वारा चांगला होता, धूर दुसरीकडे वळला होता, आणि अक्काचा श्वास आत कुठंतरी शिट्टीसारखा वाजत होता.

"खिडकी उघडतो जरा," तो म्हणाला. "आज हवा बरी आहे."

"नको," अक्का म्हणाली. "तू दिसशील."